शांत समुद्राचा भाग

पद्मिनी मिरजेत व्हायोलिन शिकली ती मांडी घालून, वाद्याचं डोकं पावलावर टेकवून. पुढे भावानं न्यू जर्सीला बोलावून घेतलं आणि व्हायोलिनची पेटी कपाटात गेली. नवरा अतुल तेलवाहू जहाजांवर इंजिनिअर. वर्षातले निम्मे महिने बाहेर. मुलगी रुहीला वाढवण्यात आणि आयसेलिनच्या एका औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळण्यात तिची वर्षं गेली. वय झाल्यावर अतुलनं जहाज सोडलं आणि जर्सी सिटीतल्या एका टॉवरचे बॉयलर सांभाळायची नोकरी धरली.

रुही कॉलेजला गेली तेव्हा पद्मिनी गावातल्या हौशी ऑर्केस्ट्रात दाखल झाली. इथे खुर्चीवर बसून, हनुवटीखाली धरून वाजवायचं. मान आखडायची. नोटेशन तर पार मुळाक्षरांपासून शिकावं लागलं. जागा मिळाली ती अगदी शेवटच्या रांगेत.

त्या वर्षी ऑर्केस्ट्रानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीची एक सिंफनी बसवायला घेतली. जहाजं, बंदर, वादळ, समुद्र, सगळं तिच्यात होतं.

"अहो, तुमचाच विषय आहे. याल ना?" तिनं विचारलं.

"येतो की. पण मी समुद्र पाहिला कुठं? मी तळाशी, इंजिनपाशी. वर यायचो तेव्हा बंदर लागलेलं असायचं."

कार्यक्रम रविवारी दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये होता. अतुल कडेच्या खुर्चीवर बसला. वादळाच्या भागात ढोल, तुताऱ्या, सगळं अंगावर आलं, तरी तो मजेत होता. गुडघ्यावर ठेका धरलेला तिला दिसला. मग शांत समुद्राचा भाग आला. व्हायोलिनं इतकी हळू झाली की हॉलमधलं खोकणं ऐकू येऊ लागलं, आणि एका ठिकाणी सगळेच थांबले. तेवढ्यात अतुल उठला आणि खुर्च्यांच्या पाठी धरत बाहेर गेला.

पद्मिनीचं लक्ष उडालं. पुन्हा सुरू करायची जागा ती चुकली. कुणाच्या ध्यानात आलं नाही, पण तिला राग आला तो आलाच.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "कंटाळा आला तर सांगायचं होतं."

"कंटाळा नाही गं. ते सगळं एकदम थांबलं ना." त्यानं सीटबेल्ट लावला. "जहाजावर आवाज थांबला म्हणजे इंजिन बंद पडलं. एकदा अरबी समुद्रात पडलं होतं, खराब हवेत. दिवे गेले, जहाज लाटांना आडवं झालं. खाली अंधारात आम्हाला एकमेकांचे श्वास ऐकू येत होते. चालू होईपर्यंत कुणी बोललं नाही."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"फोनवर काय सांगणार? तू विचारायचीस, जेवलात का. जेवलो होतो."

घरी आल्यावर पद्मिनीनं भात टाकला आणि जेवताना त्याला त्या जहाजाचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या चर्चमध्ये तीच सिंफनी पुन्हा होती. अतुलच गाडी घेऊन आला. शांत भाग सुरू व्हायच्या आधी तो बाहेर व्हरांड्यात गेला आणि शेवटच्या भागाला परत येऊन दाराशी उभा राहिला. हे तिला नंतर कुणीतरी सांगितलं. वाजवताना ती नोटेशनकडे बघत होती.