स्थळ बघावं तसा बघितलेला कोर्स

आमच्याकडे मुलीला स्थळ आलं की आधी घर बघून यायचं, आणि तेही न सांगता. सांगून गेलं की अंगण सारवलेलं असतं आणि कपबश्या शेजारणीच्या असतात. या कामात माझ्या थोरल्या नणंदेचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या शिवऱ्याला हायवेच्या कडेला चहाची टपरी चालवायच्या. नवरा लवकर गेलेला, जिभेला धार. कुणाच्याही घरी गेल्या की पाणी मागायच्या आणि पाणी आणणाऱ्या सुनेचे हात बघायच्या. सुनेचे हात बघितले की सासू कळते, असं त्यांचं म्हणणं. तर या वन्संना घेऊन मी एकदा पुण्याला गेले होते, पण स्थळ बघायला नाही, कोर्स बघायला.

माझी मुलगी बारावी झाली ते दोन हजार सालानंतरचं एखादं वर्ष असेल. सासूबाई भोरच्या दवाखान्यात होत्या तेव्हा ही त्यांच्यापाशी बसायची, आणि तिथल्या सिस्टरच्या मागं मागं फिरायची. तेव्हापासून तिचं एकच, मला हेच काम करायचंय. वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं, सरकारी कोर्सला फॉर्म भर, खर्च नसल्यासारखाच. भरला. नंबर लागला नाही, मार्क कमी पडले. मग ती नसरापूरहून एक गुलाबी कागद घेऊन आली. एक वर्षाचा कोर्स, दवाखान्यात मदतनीस म्हणून लागायचं, सर्टिफिकेट मिळणार, नोकरीची हमी. फी चौदा हजार.

आमच्या गुंजवण्याच्या घरात चौदा हजाराची वस्तू एकच होती, ती गोठ्यात उभी होती आणि दोन्ही वेळेला दूध देत होती. तिला गिऱ्हाईकही होतं, वेल्ह्याचा एक दूधवाला, तो मागं लागला होता. म्हैस विकावी तर रोजचा पैसा थांबणार, धाकट्या दोघांच्या शाळा त्यावर चालायच्या. न विकावी तर मुलगी घरात बसून कुणीतरी बघायला येण्याची वाट बघणार. मी आतून अगदी फाटून गेले होते. एका बाजूला वाटायचं, तिच्या डोळ्यासमोर दार लावू नये. दुसऱ्या बाजूला वाटायचं, गुलाबी कागदाला भुलून दुभतं जनावर घालवलं तर लोक तोंडात शेण घालतील.

वन्संना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कागुद कसला बघतीस? घर बघून यू की."

पुण्यातला तो क्लास एका दुकानाच्या वर होता. जिना अरुंद. वर एक खोली, भिंतीवर माणसाच्या हाडांचं चित्र, एक खाट, खाटेवर रबरी बाहुली झोपवलेली आणि बीपीचं एक मशीन. टेबलामागं टाय लावलेले एक सर. वन्संनी शिरस्त्याप्रमाणं पाणी मागितलं. सरांनी स्वतः उठून दिलं. वन्सं माझ्या कानात म्हणाल्या, "हितं सून न्हाई. हाताचं कसं कळायचं?"

सर चांगलं बोलत होते, त्यांना नावं ठेवायची नाहीत मला. इंजेक्शन, सलाईन, पट्टी, बीपी, सगळं शिकवतो म्हणाले. "नोकरी शंभर टक्के. महिन्याला तीन हजार कुठं गेले नाहीत."

"शंभर टक्के तर नवऱ्याचीबी कोण देत न्हाई," वन्सं म्हणाल्या.

सर हसले. मीही हसले, पण माझ्या मनात तीन हजाराचं गणित सुरू झालं होतं. पाच महिन्यांत म्हैस परत! जोडीला बारकीसारकी एक शेळीसुद्धा घेऊन टाकली मी मनात.

"तुमच्या आधीच्या पोरी कुठं नांदत्यात?" वन्संनी विचारलं.

सरांना आधी कळेना. मग कळलं तेव्हा त्यांनी एका मोठ्या दवाखान्याचं नाव सांगितलं. वन्सं उठल्याच. "चल गं, तिथं जाऊन यू."

"अहो, तिथं असं कुणी भेटणार नाही," सर म्हणाले.

"दवाखान्यात जायाला आवातनं लागतं व्हय?"

आम्ही पुढच्या दारानं गेलोच नाही. मागं, कपडे वाळत घालतात तिकडं, दोन पोरी पायरीवर डबा खात बसल्या होत्या. आम्ही आमची भाकरी सोडली आणि शेजारी बसलो. वन्संनी ठेचा पुढं केला, तशा पोरी बोलत्या झाल्या. एक उंच पोरगी भोरचीच निघाली, मुसलमान घरातली, वडील टेम्पो चालवायचे. तिनं त्याच क्लासमधनं कोर्स केला होता. दुसरी बुटकी, मुळशीकडची, तिनं कसलाच कोर्स केला नव्हता. फरशी पुसायला लागली आणि बघून बघून शिकली.

मी उंच पोरीला सरळ विचारलं, "बाई, तीन हजार देतात का गं?"

ती हसली. "मावशी, पहिले सहा महिने शिकाऊ म्हणून बाराशे. आता अठराशे. पाच जणींत एक खोली आहे, तिचं भाडं, मेसचे पैसे, बसचा पास. घरून तांदूळ आणते म्हणून भागतं."

"मग हातात काय राहतं?"

"पहिल्या वर्षी काहीच नाही. अब्बांकडूनच मागायचे मी. आता दोन-तीनशे राहतात."

माझी शेळी तिथंच मेली. म्हैस तर डोंगरापल्याड गेली.

"आन तुला किती?" वन्संनी बुटकीला विचारलं.

"अठराशेच. दोगींचा पगार एकच हाय."

वन्संनी माझ्याकडं असं बघितलं की जणू कोर्टात निकाल लागला. "ऐकलंस? हिनं चौदा हजार घातलं, हिनं फडकं मारलं, आन दोगींची भाकरी सारखीच. मग सर्टिफिकीट काय चुलीत घालायचं?"

बुटकीनं घास खाल्ला, हात झटकला. मग म्हणाली, "मावशी, ही हितनं जाऊ शकती. मला न्हाई जाता येत."

"का? बांधून ठिवलंय व्हय?"

"बांदायला कशाला पायजे? म्या दुसऱ्या दवाखान्यात गेले तर म्या काय शिकले ह्ये त्यास्नी कसं कळायचं? पुन्हा फरशीपासनं. मागल्या साली इथल्या मोठ्या सिस्टरबाईंनी मला लई बोललं, रडत बसले, पण सोडून जायाचं कुठं? ही मातूर त्याच बाईंना म्हनली, बोलायचं न्हाई असं. आन त्या गप बसल्या."

उंच पोरगी लाजली. "गप्प कुठं बसल्या, आठवडाभर रात्रपाळी दिली की मला."

चौघीही हसलो. पण परत येताना एसटीत वन्संनी कुणाचीही चौकशी केली नाही. असं कधी होत नाही. शिवरे आलं तेव्हा उतरता उतरता म्हणाल्या, "वैनी, मला ह्यात काय कळंना. तुझं तू बघ." आयुष्यभर सगळ्यांची घरं पारखली त्या बाईनं, आणि हे एक स्थळ तिला पारखता आलं नाही.

घरी येऊन मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. बाराशे, अठराशे, खोली, मेस, रात्रपाळी. हेही सांगितलं की या सर्टिफिकेटवर सरकारी नोकरी मिळत नाही, ते वेल्ह्याच्या नर्सबाईंनी आधीच बजावलं होतं. मुलगी खाली मान घालून तांदूळ निवडत होती. मी बोटांवर हिशेब करत राहिले. तिसऱ्या वर्षी एवढे उरतील, चौथ्या वर्षी एवढे, मग म्हैस कधी येईल?

तिनं सूप खाली ठेवलं. "आई, म्हैस परत येनार न्हाई असं धरूनच इक. तसं जमत असंल तरच इक. न्हाईतर मला तिथं झोप लागायची न्हाई."

मला राग आला. म्हटलं, बघा, अजून गेली नाही तर किती बोलते. पण हे, आमचे मालक, जे दिवसाला चार वाक्यं बोलायचे, ते म्हणाले, "हिच्या लग्नात मांडव घालशील तवा इचारशील का, पैसं कधी फिटत्याल म्हनून?"

खरंच, लग्नाचा खर्च आम्ही कधी वसुलीला धरला नव्हता. तो गेला म्हणजे गेला, आणि गेला याचंच कौतुक. मग पोरगी शिकायला निघाली तेव्हाच मी का वसुलीला बसले होते?

म्हैस विकली. ती गेली त्या दिवशी मी रडले, ते कबूल करते, पण मुलीसमोर नाही. वन्संनी क्लासच्या सरांशी घासाघीस करून फी तीन हप्त्यांत करून घेतली आणि ड्रेस बाहेर शिवून घेतले. वर्ष झालं. मुलगी लागली, बाराशेवरच लागली. तिची खोली मी बघून आले. गाद्या गुंडाळल्याशिवाय पाय टाकायला जागा नव्हती. दर खेपेला मी तांदूळ, नाचणीचं पीठ, लसणाची चटणी बांधून द्यायची. घरात एक म्हैस कमी, आणि पगारातला एक पैसा घरी नाही. धाकट्याची शाळेची सहल त्या वर्षी राहून गेली. तो मला बोलला नाही, पण मला दिसत होतं. हिशेबानं बघाल तर तो सौदा तोट्याचाच होता, आणि हे मी अजूनही कुणी विचारलं तर लपवत नाही.

दीडेक वर्षानं गावातल्या दुकानदाराच्या फोनवर तिचा निरोप आला, संध्याकाळी फोन करते म्हणून. मी आधीपासूनच तिथं जाऊन बसले. फोन वाजला.

"आई, मी नोकरी सोडली."

उभी होते ती मी पोत्यावर टेकले. "का गं? काय झालं? कुणी काय केलं?"

"कुणी काय न्हाई केलं. लई राबवून घेत होते, सुट्टी देत नव्हते. दुसऱ्या दवाखान्यात गेले. सर्टिफिकेट बघितलं, एक सलाईन लावून दाखवायला सांगितली, आन घेतलं. सहाशे जास्त देत्यात, आन आठवड्याची सुट्टी."

"मला इचारलं न्हाईस?"

"तू नगं म्हनाली असतीस."

ते खरंच होतं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, ठेवते, ड्युटी आहे.

दुकानदार वाणसामान बांधता बांधता कान देऊन होता. "काय झालं मामी? परत येती व्हय पोरगी?"

"न्हाई," मी म्हटलं. "तिनं दवाखाना बदलला."

आमच्या घरातल्या बायांनी गाव बदललं ते लग्न करून. दुसऱ्याच्या रानात राबल्या, घाटावर गेल्या, पण ज्यानं बोलावलं त्याच्याकडं. इथलं पटत नाही म्हणून उठली आणि दुसरीकडं जाऊन उभी राहिली, अशी ही पहिलीच.