थंकमणीचेचीचं नाव यादीत कसं आलं

आमच्या त्रिशूरची थंकमणीचेची, म्हणजे आपल्याकडची थंकमणीताई, शांत बाई. संध्याकाळी उंबऱ्यात समई लावायची, नामजप आटोपायचा आणि संगणकापुढे बसायचं, हा तिचा नेम. 'तूवल' हे मल्याळम टाइप करायचं सॉफ्टवेअर. कुणीही फुकट घ्यावं, उघडून पाहावं, सुधारावं. ते सांभाळणारे सगळे हौशी, पगार कुणालाच नाही. चेचीला प्रोग्रामिंग येत नव्हतं, पण अडलेल्यांना उत्तरं द्यायची तीच. शाळामास्तर, देवस्थानातले कारकून, दुबईहून आईला पत्र लिहिणारा एखादा मुलगा. दहा-अकरा वर्षांत तिने कुणाला ताटकळत ठेवलं नाही.

यंदा वेबसाइट नवी करायची ठरली. पुढाकार त्या हौशी पोरांतल्या जितिनचा. बैठक चेचीच्याच घरी झाली. पोरं रंगांवरून तावातावाने भांडली आणि तिने तळलेली पळमपोरी, म्हणजे पिकल्या केळ्याची भजी, फस्त करून गेली.

साइट सुरू झाली. 'आमची माणसं' हे पान चेचीने वरून खाली पाहिलं, मग खालून वर. तिचं नाव नव्हतं. तिने फोन लावला.

"मोने, बाळा, मी मेले का रे?"

"काय बोलताय चेची! ती यादी मशीन करतं. ज्याने कोडमध्ये बदल केला, त्याचंच नाव उचलतं. कुणावर अन्याय नको म्हणून."

"माझ्यावर केलास तेवढा पुरे झाला वाटतं!"

"सोपं आहे हो. कुठल्याही फाइलमध्ये एक रिकामी ओळ टाका, नाव आपोआप येईल."

रिकामी ओळ! चेचीच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा रवीन्द्रन म्हणाला, "टाक ना एक ओळ. नाही तर सोड. देवाला ठाऊक आहे, बास."

"देवाला ठाऊक आहेच. या पोरांना लाज ठाऊक आहे का, ते विचारतेय मी."

त्यात दुसऱ्या दिवशी कळलं, की साइटवर 'मदत हवी?' असं मोठं बटण आहे आणि ते दाबलं की पत्र थेट चेचीच्या ईमेलवर येतं. नाव वगळलं, पत्ता तेवढा ठेवला. विचारलंसुद्धा नाही!

"पत्ता काढ," ती जितिनला म्हणाली.

"चेची, आपला नियमच आहे. ज्याला खटकतं, त्याने बदल करून पाठवायचा."

चेचीने आधी साचलेल्या पत्रांना उत्तरं दिली. त्या बिचाऱ्यांचा काय दोष? मग सूचना वाचत, चुकत-माकत, बटणामागचा आपला पत्ता खोडला आणि तिथे जितिनचा घातला. जितिनने घाईत, न वाचताच मंजुरी दिली.

सकाळी त्याचाच फोन.

"चेची, माझ्याकडे पत्रांचा ढीग पडलाय! पण बघा तरी, तुमचं नाव आलं यादीत!"

तिने पान उघडलं. खरंच होतं.

"म्हणजे राबत होते तेव्हा मी कुणीच नव्हते, आणि काम टाकलं तशी तुमची झाले? काढ ते नाव."

"ते मशीन लावतं चेची..."

"मग मशीन बंद करा आणि माणसांनी बसून यादी लिहा. भाषांतरं कुणी केली, शाळांत जाऊन कुणी शिकवलं, सगळी नावं हवीत. तोवर उत्तरं तू दे."

मग जितिन हळूच म्हणाला, "चेची, ती माणसं कोण, हेच आमच्यापैकी कुणाला ठाऊक नाही."

"तेच म्हणतेय मी," चेची म्हणाली. "या माझ्या घरी, मी सांगते एकेकाचं नाव. पण या खेपेला येताना खायचं तुम्ही आणा."