गोडी मसाल्याचं पाकीट

मसाल्याच्या कारखान्यात घटकाभर बसून बघा. अंगावर भुकटी साचती. कितीबी झटका, घरी गेल्यावर बायको शिंकतीच. किस्स्यांचं बी तसंच हाय. वारंगा फाट्यावरच्या कारखान्यात मी आठ-धा वर्षं पाकिटाची चित्रं काढली, त्याचे किस्से अजून नाकातून निघून राहिलेत.

त्याच्या आधी मी आखाडा बाळापुरात पाट्या रंगवायचो. शाळा म्हणाल तर सातवी, ती बी अर्धी. मास्तरांसंगं भांडण झालं, त्यांनी हजेरीतून माझं नाव काढलं. म्हणलं, काढा. तवापासून मी माझं नाव गावभर लिहून राहिलो. किराणा असो, सलून असो, पाटीच्या कोपऱ्यात 'मुंजाजी पेंटर' असणारच. एका सायकलवाल्यानं पाटी बघून इचारलं, "दुकान माझं हाय का तुमचं?" म्हणलं, दुकान तुझं, पाटी माझी.

*

मालक म्हंजे शंकरराव. आधी पिठाची गिरणी, मग मिरची कांडप, मग एक दिवस त्यांच्या डोक्यात पाकीट घुसलं. काळा मसाला सुट्टा काहून इकायचा, 'गोडी मसाला' नावानं पाकिटात भरू. मला म्हणले, तू चित्र काढ, आपण नांदेडला छापून आणू.

मला सवय पाटीची. मी चार फूट बाय तीन फुटाच्या पत्र्यावर काढलं. एकएक मिरची मनगटाएवढी. खाली ठसठशीत माझं नाव. जीपच्या टपावर बांधून दोघं नांदेडला गेलो. प्रेसवाले रहीमचाचा बाहेर आले, चष्मा कपाळावर सरकवला अन् म्हणले, "पेंटर, पाकीट लाए के दरवाजा?"

मालकाला मिरच्या पसंत पडल्या. नाव बघून मात्र म्हणले, "पाकिटावर नाव मालकाचं असतं."

"मग चित्र बी मालकानंच काढावं," म्हणलं अन् पत्रा परत टपावर चढवला. पण बाळापूरला यायचं तर जीप त्यांचीच. बसलो गप. अर्ध्या रस्त्यात मालक म्हणले, "या बारीला राहू दे. पुढच्या छपाईला बघू."

हे 'पुढच्या छपाईला बघू' ध्यानात ठेवा.

*

मग मी हाताएवढ्या कागदावर काढायला शिकलो. पाकिटाच्या मधोमध उखळाजवळ उभी बाई काढली. नऊवारी, नाकात नथ, कंबर अशी बारीक की रहीमचाचांनी दोनदा बघितली. छापून आली, मी खूश.

कागद सपाट असतो, भरलं पाकीट सपाट नसतं, हे मला कोणी सांगितलं होतं? मसाला भरला अन् मधला भाग फुगला. भरणाऱ्या बायांत गंगाबाई मुख्य. तिनं पाकीट उजेडात धरलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. "पेंटरभाऊ, हिला सातवा लागला काय?"

बाया हसून हसून खाली बसल्या. मी तापलो. म्हणलं, मसाला कमी भरा. मालक म्हणले, वजनात मारतो का मला? मी ब्रश फेकून बाहेर जाऊन बसलो.

घटकाभरानं गंगाबाई आली. कोऱ्या पाकिटात भुसा भरून, तोंड शिवून आणलं होतं. माझ्या म्होरं ठेवून म्हणली, "यावर काढा. माणूस जेवल्यावर कसा दिसतो ते आधी बघावं."

तवापासून मी आधी पाकीट भरतो, मग चित्र काढतो. हे शिकायला शहरात मोठ्या शाळा हायेत म्हणतेत. मला गंगाबाईनं शिकवलं, अन् चहा बी तिनंच पाजला.

*

पाकीट भरल्यावर वरचं तोंड गरम पट्टीत दाबून बंद करतेत. तेवढा भाग चिपकून जळतो. मी 'गोडी' एवढं मोठं लिहिलं की अक्षरं पार वरच्या काठाला भिडली. पट्टीनं वरची मात्रा खाल्ली, वेलांटी खाल्ली. खाली राहिलं काय? 'गाडा मसाला'.

आमाला कोणाला दिसलंच न्हाई. माल गेला कुरुंद्याच्या बाजारात. एका म्हाताऱ्यानं पाकीट फोडलं, काळी भुकटी चिमटीत घेतली, नाव वाचलं अन् दुकानदाराला इचारलं, "हा भाजीत टाकायचा का चाकाला लावायचा?"

मालक फाट्यावर सगळ्यांच्या देखत माझ्यावर वरडले. मी म्हणलं, चूक यंत्राची हाय.

"यंत्र अडाणी हाय. तू तर सातवी हायस ना?"

"अर्धी," म्हणलं.

तशात बी मी माझ्या नावाचा विषय काढला. मालकानं कपाळाला हात लावला. "पुढच्या छपाईला बघू."

*

एका उन्हाळ्यात मालकानं लिंबू सरबताच्या बाटल्या काढल्या. मला म्हणले, लेबल बघून माणसाला गार वाटलं पाहिजे. मी लिंबू काढलं अन् त्याच्यावर पाण्याचे थेंब. एक थेंब ओघळून खाली आलेला. जीव ओतला त्या थेंबात.

चवथ्या दिवशी फाट्यावरच्या दुकानदारानं सगळ्या बाटल्या वापस आणून दिल्या. म्हणला, माल गळून राहिला, गिऱ्हाईक हात लावीना.

मी त्याच्या म्होरं बोटानं लेबल पुसून दाखवलं. त्यानं बी पुसून बघितलं. कोरडं. तरी म्हणला, "आता पुसलं म्हणून."

*

मग ते ठिपक्याचं आलं. शाकाहारी मालावर हिरवा ठिपका टाकायचा, असा नियम निघाला. मालकानं निरोप धाडला, पाकिटावर चौकोन काढून आत ठिपका दे. रंग कोणता ते निरोप आणणारा इसरला. मी डोकं चालवलं. माल मिरचीचा, ठिपका लाल.

बाळापूरच्या एका दुकानातून खोकं तसंच वापस आलं. माळकरी गिऱ्हाईक म्हणे पाकिटाला शिवून अंघोळीला गेलं. मालक खोकं माझ्या दारात आपटून म्हणले, "कशाचं मटण टाकलं यात?"

म्हणलं, "मिरचीचं बोकड असतं काय?"

सगळ्या पाकिटांवर हिरव्या रंगानं ठिपके मारत बसलो. गंगाबाई अन् तिच्या बाया बी बसल्या.

*

आता शेवटची छपाई. भट्टीचा मसाला म्हणून नवीन पाकीट काढायचं होतं. चित्र असं जमलं की गंगाबाईनं बी खोड काढली न्हाई. मी ते कापडात गुंडाळलं अन् मालकाला सांगितलं, नाव असंल तर चित्र देतो, न्हाई तर चुलीत घालतो. मग मी पाट्याच रंगवीन.

मालकानं कापडाची गाठ चाचपली. मग म्हणले, "म्होरच्या बाजूला न्हाई. मागं जागा असंल तिथं टाकाय सांग."

मी तस्साच नांदेडला गेलो. रहीमचाचांना सांगितलं, मागं जागा असंल तिथं. चाचांनी मागची बाजू बघितली. सगळी गच्च. वजन, पत्ता, घालायच्या वस्तू. "एकच लाइन में जागा है पेंटर. चलेगा?"

म्हणलं, पळंल. कोणती लाइन ते मी इचारलं न्हाई.

माल भरला, निम्मा बाजारात गेला. आमी कोणी मागची बाजू वाचली न्हाई. वाचली ती तपासणीला आलेल्या साहेबानं. कारखान्यात खुर्चीवर बसून, बोट ठेवून, मोठ्यानं.

"घटक. लाल मिरची, धने, खोबरं, दगडफूल, मीठ, मुंजाजी पेंटर."

कांडप बंद झालं. बायांचे हात थांबले. नाव चुकून छापलं असं कबूल केलं की सगळा माल वापस बोलवावा लागणार, अन् पेंटर घरी जाणार, एवढं मला बी कळत होतं. मी भिंतीला टेकून उभा.

साहेबानं चष्मा काढला. "हे मुंजाजी पेंटर काय असतं?"

गंगाबाईनं पदर तोंडाला लावला. साहेबानं पुढं इचारलं,

"प्रमाण किती टाकता?"

मालकानं माझ्याकडं बघितलं. वरून खालपर्यंत बघितलं. मग साहेबाला हात जोडले.

"चवीपुरता, साहेब."