तळाला भोक पाडणारा कमरुद्दीन

ओतूरच्या धर्माजींनी विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरच्या लोखंडी पेटीचं तळातलं भोक कणगी लिंपावी तसं शेणामातीनं चापून लिंपलं आणि आठवड्यात मोटार ठप्प झाली. कांद्याची रोपं नुकतीच लावलेली. पाणी चुकलं तर ती माना टाकणार होती.

भोक पाडलं होतं जुन्नरच्या कमरुद्दीन वायरमननं. हा माणूस बोलायचा कमी, चहा मात्र दोनदा मागून प्यायचा आणि कुणाच्याही नव्याकोऱ्या पेटीच्या तळाला न विचारता भोक पाडायचा. धर्माजींना तेव्हाच संशय आला होता. पाणी आत शिरावं, मोटार बिघडावी आणि याला पुन्हा बोलावणं जावं, दुसरं काय!

पण शेवटी बोलावणं त्यालाच धाडावं लागलं. कमरुद्दीननं फ्यूज काढून पेटीचं झाकण उघडलं. तांब्याभर पाणी त्याच्या पायजम्यावर सांडलं.

"पाऊस तर नाय, मग हे आलं कुठनं?" धर्माजींनी डोळे बारीक केले. "तूच वतलं नसशील कशावरनं?"

"विहिरीची दमट हवा वायरीच्या नळीत शिरती, भाऊ. गारव्यानं तिचं पाणी व्हतं आन् पेटीत उतरतं. त्याला जायला भोक व्हतं, ते तुमी लिंपलं."

"आन् त्या भोकातनं पावसाचं शिरलं मंजे?"

"तुमच्याकडं पाऊस खालनं वर पडतो व्हय?"

धर्माजींना पटलं, पण पटल्याचं दाखवायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. कमरुद्दीन पेटी पुसून, सुकवून, खिळ्यानं शेण टोकरेपर्यंत ते त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत राहिले. मोटार घुरघुरली, पाटाला पाणी लागलं.

"समज, तू गेल्यावर मी परत लिंपलं, तर?"

सायकलवर टांग टाकत कमरुद्दीन म्हणाला, "मग मोट तुमीच वढा."