बिनपात्याचं वाण

आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जगात दोन गोष्टी सरळ दिसत नसत: लाकूड आणि जावई. अकोल्याच्या कोर्टात जन्मभर वकिली केल्यामुळे दोघांचीही ते उलटतपासणी घेत. लाकूड निदान गप्प बसे.

निवृत्तीनंतर त्यांनी अंगणातल्या शेडमध्ये एक जुनाट आरा मांडला होता. आडव्या लोखंडी दांडीला मोटर टांगलेली, मोटरीला गोल पातं. फळी टेबलावर ठेवायची आणि मूठ धरून फिरणारं पातं आपल्या पोटाकडे ओढायचं. शहाण्या माणसाने आऱ्यापासून लांब जावं की आऱ्याला जवळ बोलवावं? पण हे विचारायची सोय नव्हती. दांडी ढिली असल्याने काप कधी काटकोनात येत नसे. त्यांनी आम्हाला दिलेला पाट अमरावतीला आणल्यावर डुगडुगू लागला. मी फोन केला, तर म्हणाले, “पाट सरळ हाये. तुमची फरशी वाकडी हाये. आन् बसणाराबी.”

सासूबाईंनी एकदा भंगारवाल्याला बोलावलं, तर मामाजींनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. “आरा नेतो म्हन्ते! वकिलालेच घेऊन जा ना मंग, तोबी जुना हाये.”

आमच्या दिवाळसणाला मामाजी आंघोळीला गेले होते. जावयाचा हात काय करू शकतो हे दाखवायची खुमखुमी मला तेव्हाच आली. अंगावर सणाचं कोरं उपरणं होतं. मी आरा सुरू केला, मूठ ओढली. पुढचं मला ओढावं लागलं नाही. पातं फळीवर चढून आपण होऊन माझ्याकडे धावत आलं, उपरण्याचं टोक त्याने गिळलं, मोटर गुरगुरून अडकली आणि मी भुशात उताणा पडलो.

मामाजी ओल्या अंगाने धावत आले. बटण बंद केलं. माझे दोन्ही हात धरून एकेक बोट उलटंपालटं करून पाहिलं. सगळी जागेवर आहेत अशी खात्री झाल्यावर त्यांचा आवाज परतला. “काहून जी, जवाईबुवा? पेन धराचे हात हायेत, पेन धराव! आऱ्याले अक्कल नाई, तुमालेबी नाई. दोघं भेटले कायले?”

त्यानंतर आमचं वैर उघड झालं. आणि पुढच्याच अधिक महिन्यात आमच्या दारात टेम्पो उभा राहिला. लोक जावयाला अनारसे देतात. मामाजींनी आरा पाठवला होता. वाण परत करता येत नाही, विकता येत नाही. मी मनातून हरखलो. मोटरीवरचं फडकं काढलं, तर पातं नाही.

“मामाजी, पातं राहिलं,” मी फोनवर म्हणालो.

“राह्यलं नाई. ठेवलं.”

“मग आऱ्याचा उपयोग काय?”

“वाण उपयोगाले नसते, मानाले असते.”

पुढे दरवेळी अकोल्याला गेलो की मी पातं मागायचो आणि ते म्हणायचे, “पुढची तारीख.” मग वादावादी, मग जेवण, मग पानावर पुन्हा वादावादी. दवाखान्यात शेवटचं भेटायला गेलो तेव्हाही डोळे न उघडता म्हणाले, “पातं मांगाले आले?”

“नाही, तुम्हाला बघायला.”

“खोटी साक्ष.”

तेराव्यानंतर सासूबाईंनी एक जड गाठोडं माझ्या हातात ठेवलं. सोडलं, तर आत पातं होतं. गुंडाळलं होतं माझ्या त्याच उपरण्यात, चिंध्या झालेल्या टोकासकट. सासूबाई म्हणाल्या, “फेकू देत नव्हते मले. म्हने, पोरीचं नशीब हाये हे, राहू दे.”

ते पातं मी आऱ्याला कधी लावलं नाही. बायको म्हणते, मग ते धूड भंगारात द्या, गाडी लावायला जागा होईल. मी देत नाही.

परवा आमच्या मुलीला मागणी घालणारा पोरगा घरी आला होता. हुशार आहे, उत्साही आहे, म्हणजे धोकादायक आहे. पोर्चमध्ये थांबून आऱ्याची मूठ ओढून बघत म्हणाला, “काका, चालतो का हो हा?”

“चालतो ना. येत्या अधिकात तुम्हालाच देतो.”

“आणि पातं?”

त्याची दहाही बोटं एकदा नजरेखालून घालत मी म्हणालो, “पुढची तारीख.”