चौथ्या सीटवरचं बोलणं

माझ्या मुलीबद्दल मला जे काही ठाऊक आहे, त्यातलं निम्मं मी ड्यूटीवर असताना चोरून ऐकलेलं आहे. मी बसमध्ये कंडक्टर. आमचं घर तेरला, तिचं ज्युनिअर कॉलेज धाराशिवला, आणि महिन्यातले पंधरा-वीस दिवस तरी तिची सकाळची गाडी म्हणजे माझीच गाडी. अकरावीच्या पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं, गाडीत मला बाळा वगैरे म्हणायचं नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मग सगळ्यांसारखा पास दाखवायचा. ती दोन वर्षं न चुकता पास दाखवत राहिली आणि मला मॅडम म्हणत राहिली. मैत्रिणी फिदीफिदी हसायच्या.

घरी ही पोर तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. काही विचारलं की व्हय, न्हाय, नाहीतर बघू. आणि गाडीत चौथ्या सीटवर बसली की तोंडाला खळ नाही. मला भारी उत्सुकता. तिकिटं देत देत त्या सीटपाशी आले की माझे हात आपोआप संथ व्हायचे. मशीनचा कागद अडकायचा, सुट्टे सापडायचे नाहीत. तेवढ्यात कळायचं की डब्यातली दोडक्याची भाजी रोज दुसरीच कुणी खाते, केस पार्लरमध्ये नाही, मैत्रिणीनं कापलेत, आणि फिजिक्सच्या सरांना बाकीच्या पोरी घाबरत नाहीत, ही एकटी घाबरते. घरी मी यातलं काही दाखवायचे नाही. फक्त दोडका करणं बंद केलं. आपण लई हुशार, असं वाटायचं.

बारावीच्या परीक्षेआधी, थंडीत, एक दिवस कानावर आलं की तिला पुण्याला जायचंय. संख्याशास्त्र शिकायला. मी तिचं सगळं ठरवून ठेवलं होतं: धाराशिवातच नर्सिंग, संध्याकाळी घरी. त्या दिवशी एका आजोबांना मी दोनदा तिकीट दिलं.

राग आला होता. पण मला रागापेक्षा कुतूहल जास्त, स्वभावच तसा. संख्याशास्त्र म्हणजे काय? घरी विचारावं तर चोरून ऐकल्याचं उघडं पडणार. म्हणून मी पॅसेंजरांना विचारायला लागले. एक ग्रामसेवक म्हणाले, गणितच, पण अवघड. बँकेतल्या एका बाईंनी सांगितलं, त्यात नोकऱ्या आहेत. रोज येणाऱ्या एका गुरुजींनी मात्र नीट समजावलं: बाजाराच्या दिवशी गाडीला किती गर्दी होईल, याचा आधीच्या गर्दीवरून अंदाज बांधायचा, तसलं काहीतरी. मी म्हटलं, हे तर मी रोज करते. गुरुजी म्हणाले, तुम्ही मनात करता, ती कागदावर करेल.

ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि महिनाभर त्याच्याशी भांडले. पोर गेल्यावर घर कसं लागेल याची धास्ती घ्यायचे, आणि त्याच वेळी ही कागदावर नेमकं काय करणार, ते बघायचीही हौस वाटायची. शेवटी तिच्या वडिलांना मीच तयार केलं. ते शेती बघतात, फार बोलत नाहीत. म्हणाले, तुला चालतंय तर मला चालतंय.

निकाल चांगला लागला. गुणपत्रिका आणि कॉलेज सोडल्याचा दाखला घेऊन ती दुपारी माझ्याच गाडीनं परत निघाली. गाडी जवळपास रिकामी. पासाची मुदत संपलेली, म्हणून पहिल्यांदाच तिला बायकांचं अर्धं तिकीट दिलं. बाकीची तिकिटं उरकून मी तिच्या शेजारी जाऊन बसले. दाखल्यावर वर्तणूक चांगली असं लिहिलं होतं. ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “पुण्याला जा. पप्पांशी बोलले मी.”

ती दचकेल, तुला कसं कळलं म्हणून विचारेल, याची मी वाट बघत होते. ती नुसतं “बरं” म्हणाली आणि तिनं डोळे पुसले.

“मला कुठनं कळलं, विचार की,” शेवटी मीच म्हणाले.

“मीच तर सांगितलं तुला. गाडीत,” ती म्हणाली. “घरी सांगितलं असतं तर तू लगेच न्हाय म्हणाली असतीस, अन् तुझं न्हाय एकदा झालं की झालं. गाडीत तुला काय बोलताच येत नव्हतं. विचार करायला टाइम मिळाला तुला.”

म्हणजे दोडकाही तिनंच ऐकवला होता. मला हसू आलं, लाजही वाटली, आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. पोर माझ्याशी बोलत होती की. मॅडम म्हणत का होईना, दोन वर्षं बोलत होती.

“अन् मला ऐकू द्यायचं नसलं तर?”

“मग आमी मागं जाऊन बसायचो. शेवटच्या सीटवर.”

तिथं काय बोलायच्या, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बघू म्हणाली असती. ती खिडकीतून बाहेर बघत बसली. खरंच, त्या बरेचदा मागे जायच्या, आणि मला वाटायचं, पुढे ऊन लागतंय म्हणून जातात. मी आठवायला लागले, दोन वर्षांत त्या किती दिवस चौथ्या सीटवर बसल्या आणि किती दिवस मागे. तेर यायच्या आतच कळून चुकलं, मागचे दिवस जास्त होते.