पाहुण्याचा डाव

बोरिवली पूर्वेला राहणाऱ्या तमाम जिवांत माझ्या आतेसासूइतके तिखट कान दुसऱ्या कुणाचे नाहीत, आणि हे मी मागच्या जंगलातल्या बिबट्यांना धरून म्हणतो. आतेसासू म्हणजे बायकोची आत्या. पहिल्या भेटीत मी वाकून नमस्कार केला आणि ‘तुम्ही कशा आहात’ असं विचारलं, तर ती म्हणाली, “अहोजाहो करणार असशील तर चहा मिळणार नाही. अगंतुगं कर आणि बस.” तेव्हापासून मीही तिला आत्याच म्हणतो. तिने लग्न केलं नाही. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, ऑपरेटर म्हणून, कानाला हेडफोन लावून, या गावचा माणूस त्या गावच्या माणसाला जोडून देत. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तो हेडफोन अजून उतरलेला नाही, असं आम्ही तिच्या पाठीमागे म्हणतो. पाठीमागे म्हणजे जिना उतरून, गेटबाहेर पडून. त्याआधी म्हटलं तर तिला ऐकू जातं.

तिच्या घराचं दार बेल वाजायच्या आधी उघडतं, त्यामुळे नवीन कुरिअरवाले दचकतात आणि जुने मान खाली घालून पाकीट देतात. मी एकदा ऑफिसातून सहज फोन केला, तर ‘हॅलो’ म्हणायच्या आत ती म्हणाली, “लिफ्टपाशी उभा आहेस आणि जेवलेला नाहीस.” दोन्ही खरं होतं. कर्ज घ्या म्हणून फोन करणाऱ्या मुलींवर आपण खेकसतो. आत्या त्यांचं शांतपणे ऐकून घेते. एकीला ती मध्येच थांबवून म्हणाली, “अगं, कर्जाचं मागाहून बघू, तुझ्या शेजारची मुलगी रडतेय. तिला आधी पाणी दे.” पलीकडून अगदी दबक्या आवाजात ‘थँक यू आंटी’ आलं. मी समोर बसलो होतो, स्पीकर चालू होता, आणि मला त्या मुलीशिवाय काहीही ऐकू आलं नव्हतं. सोसायटीत बिबट्या शिरल्याची बोंब झाली तेव्हा सगळी बिल्डिंग काठ्या घेऊन जिन्याकडे बघत होती. आत्याने गॅलरीतून सांगितलं, “जिन्यात नाही रे, पाण्याच्या टाकीमागे आहे. दमलाय बिचारा, धाप लागलीये.” बिबट्या टाकीमागेच निघाला. त्या दिवसापासून वॉचमन तिला नमस्कार करतो, पण लांबून.

अशा बाईच्या हातात पत्त्यांचा खेळ मी दिला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, घरात नुसतं बसून ती भिंतीपलीकडच्यांची भांडणं सोडवायला लागली होती, म्हणून मी तिच्या फोनवर एक खेळ टाकून दिला. जगात कुठेतरी बसलेला दुसरा खेळाडू फोनच समोर आणून बसवतो. दोघांनी आपापला पत्त्यांचा जोड आधी जमवून ठेवायचा, आणि मग एकमेकांची पानं मारत समोरच्याचे प्राण संपवायचे. खेळात पाच घराणी आहेत. शहाणी माणसं एकाच घराण्याची भारी पानं विकत घेतात आणि जिंकतात. मीही तसाच शहाणा आहे. मालाडच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, त्यामुळे खेळ कसे बनतात ते मला ठाऊक आहे असा माझा समज होता. आत्याने मात्र पहिल्याच दिवशी जाहीर केलं, “चित्रांना पैसे द्यायला मी काय लहान आहे?” आणि फुकट मिळणाऱ्या, सगळ्यांनी टाकाऊ ठरवलेल्या पानांचा तिने स्वतःचा जोड बांधला. अर्धा रान घराण्याचा, अर्धा स्मशान घराण्याचा. ही दोन घराणी कुणी एकत्र करत नाही. उरल्यासुरल्या पिठांचं थालीपीठ लावावं तसा तो प्रकार होता, आणि मी तिला तसं म्हणालोही. “थालीपीठ उरल्यासुरल्याचंच चांगलं लागतं,” ती म्हणाली.

पानांची इंग्रजी नावं तिला मंजूर नव्हती. कंदील घेतलेली, चेहरा नसलेली एक काळी आकृती होती, तिला ती ‘वॉचमन’ म्हणायची. सांगाड्याचं नाव ‘पेन्शनर’ ठेवलं होतं; का विचारलं तर म्हणाली, “कामावर नाही, पण यादीत आहे.” रानाची तिची पानं म्हणजे खार, बेडूक, घुबड, मुंगूस असली किरकोळ मंडळी. समोरचा त्यांना पटापट मारायचा आणि आत्या मारू द्यायची. मुद्दाम पुढे करायची. मग तिच्यापाशी मारायलासुद्धा काही उरलं नाही असं वाटलं, की ती स्मशानाचं एक साधंसं पान टाकायची, ‘बोलावणं’, आणि गेलेली सगळी एकदम परत यायची, गेली त्यापेक्षा मोठी होऊन. मी माझ्या फोनवरून तिच्याशी खेळलो, तेव्हा माझ्या भारी पानांचाही तिने असाच पुरता निकाल लावला. खार माझ्या राजाच्या छातीवर बसलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. मी चिडून म्हणालो, “हा काय भुताटकीचा खेळ आहे!” तर ती चहा ढवळत म्हणाली, “गेलेल्यांची मदत हवी असेल ना, तर आधी त्यांना नीट जाऊ द्यावं लागतं. तू सगळ्यांना धरून बसतोस.” मला त्या दिवशी चहा गेला नाही.

पण खरी गंमत म्हणा किंवा भीती म्हणा, पुढेच होती. खेळात बोलायची सोय नाही, ‘शाब्बास’ आणि ‘सॉरी’ असली चारदोन ठरलेली वाक्यंच पाठवता येतात. तरी समोरचा पान टाकायला किती थांबतो, कुठे अडखळतो, यावरून आत्या त्याला ओळखायची. “हा जेवतोय. पोळी मोडताना थांबतो.” “ही रिक्षात आहे, खड्डा आला की पान चुकतं.” “ह्याची आई हाक मारतेय आणि हा ‘आलो’ म्हणतोय.” खरंखोटं करायला आमच्याकडे काही साधन नव्हतं, पण बिबट्यानंतर आम्ही वाद घालायचं सोडलं होतं. पुढे खेळ जुना झाला, लोक दुसऱ्या खेळांकडे गेले, आणि आत्याच्या दुपारच्या चहाच्या वेळेला एकच खेळाडू समोर येऊ लागला. नाव न नोंदवता खेळणाऱ्याच्या नावाच्या जागी खेळ नुसतं ‘गेस्ट’ लिहितो. आत्या त्याला पाहुणा म्हणायची. “पाहुणा आला,” म्हणून ती गॅस बारीक करायची. आणि या पाहुण्याबद्दल तिला काहीही सांगता येत नव्हतं. “ह्याच्यामागे काहीच ऐकू येत नाही रे,” ती मला म्हणाली. “पंखासुद्धा नाही.” ती एवढं बोलली आणि तिच्या स्वयंपाकघरातला पंखा मला एकाएकी फार मोठ्याने ऐकू यायला लागला.

मी तिला समजावलं. खेळायला माणसं कमी पडली की कंपन्या यंत्र बसवतात, ते माणसासारखं खेळतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. “माहितीये मला,” आत्या म्हणाली. “आमच्या एक्स्चेंजमध्ये तेच केलं होतं. पण यंत्रामागेही घरघर असते.” मग तिने मला शेजारी बसवून एक डाव दाखवला. पाहुणा रान आणि स्मशान एकत्र खेळत होता. तीच खार, तोच वॉचमन, तसंच मुद्दाम मरू देणं. हे त्याने तिच्याकडून उचललेलं होतं, आणि इथपर्यंत मला पटत होतं, यंत्रं शिकतात. पण डावाच्या शेवटी आत्याचे प्राण एका फटक्यावर आले होते, तिच्यापुढे एकही पान नव्हतं आणि पाहुण्याच्या पटावर अख्खी फौज उभी होती. त्याने काहीही केलं नाही. पटाच्या कडेला एक वात जळत येते, ती विझायच्या आत खेळायचं असतं. ती वात त्याने पूर्ण जळू दिली आणि पाळी आत्याला देऊन टाकली. पुन्हा तसंच. मग पुन्हा. “रोज असंच करतो,” आत्या म्हणाली. “मला संपवत नाही.” मी म्हणालो, “आमच्या धंद्यात ह्याला बग म्हणतात.” ती म्हणाली, “आमच्याकडे ह्याला संकोच म्हणायचे.” माझ्या मानेवर काटा आला होता हे मी तिला सांगितलं नाही. तिला तो ऐकू आला असेल तर माहीत नाही.

मग कंपनीची सूचना आली, की अमुक दिवशी दुपारी खेळ कायमचा बंद होणार. आम्हाला वाटलं, चला, एक वेड सुटलं. आत्याचं जेवण मात्र कमी झालं. फोन केला की हो-नाहीत उत्तरं देऊ लागली. मी लिफ्टपाशी उभा आहे हेसुद्धा सांगेना. शेवटी बायको रागावून विचारायला गेली तेव्हा ती म्हणाली, “अगं, त्याला कोण सांगणार? लाइनवर कुणी आहे का नाही ते बघितल्याशिवाय मी जन्मात कधी लाइन तोडली नाही. कुणी नसेल तर नसू दे, माझी काही तक्रार नाही. पण असलं, तर असं न सांगता कसं उठायचं?” बायकोने ‘आत्या, यार, गेम आहे तो’ म्हणून पाहिलं. आत्याने ‘शाब्बास’ पाठवलं, ‘सॉरी’ पाठवलं, खेळताना मुद्दाम चुका केल्या, अर्ध्यात थांबून पाहिलं. पलीकडून काही आलं नाही. तिला एवढंच कळायला हवं होतं की कुणी आहे की नाही, आणि ते कळायचे दिवस संपत आले होते.

शेवटच्या दिवशी आम्ही दोघं अर्धी रजा टाकून गेलो. आत्याने बाहेर जायची साडी नेसली होती. एरवी त्या वेळेला खिडकीवर माकडं असतात, झाडांत कायम काहीतरी ओरडत असतं. त्या दुपारी जंगल एवढं गप्प होतं की मीसुद्धा कान लावून बसलो. पाहुणा वेळेवर आला. आत्याने यावेळी डावपेच केलेच नाहीत. खार पुढे ठेवली, एकटी, उघडी, कुणीही मारावी अशी, आणि हात मांडीवर ठेवून बसली. पाहुण्याच्या पटावर घुबड होतं. त्याने खारीला हात लावला नाही. वात जळून गेली. आत्याने पाळी सोडली. त्याने पाळी सोडली. असं किती वेळ चाललं कोण जाणे, खेळ बंद व्हायची घटका जवळ येत होती आणि माझी बायको हळूच म्हणाली, “आत्या, हे बाबांच्या दहाव्यासारखं झालंय.”

माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता. पिंड ठेवलेला, कावळे समोरच्या झाडावर बसलेले, आणि एकही खाली येईना. मग अशा वेळी सगळे करतात तेच आम्ही केलं. गेलेल्याचं मन कशात अडकलं असेल ते आठवून एकेक कबूल करत गेलो, घर सांभाळू, आईला बघू, आणि कशाला तरी तो शिवला. आत्याला ते आठवलं असावं, कारण तिने पदर खांद्यावरून घेतला आणि फोनला हात जोडले. मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा माणूस, पण मला हसू आलं नाही. “तुझा खेळ मी लक्षात ठेवीन,” ती म्हणाली. वात जळत राहिली. “नाव विचारलं नाही म्हणून राग असेल तर माफ कर रे. विचारायची सोयच नव्हती.” काही नाही. “बंद होणारे हे तुला कळलंय ना?” घुबड जागचं हललं नाही. आत्या फोनकडे वाकली. मग आम्ही तिच्या तोंडून पूर्वी कधीच ऐकलं नव्हतं अशा आवाजात म्हणाली, “मी बरी आहे. माझं काही अडत नाही. माझी काळजी करू नकोस. तू जा.”

घुबड उठलं आणि खारीला शिवलं.

पुढच्याच क्षणी पडदा पांढरा झाला आणि संपर्क तुटल्याची पाटी आली. बायकोने माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली होती. कुणीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी म्हणालो, की बंद होताना सगळी राहिलेली पानं आपोआप खेळली जात असतील, तसा प्रोग्राम लिहिलेला असतो. तो तसा लिहिलेला असतो की नाही ते मला आजही माहीत नाही. आत्याने डोळे पुसले, फोन चार्जिंगला लावला आणि कप उचलून आत गेली.

कप विसळताना, आमच्याकडे पाठ करून, ती म्हणाली, “खोटं बोलले मी त्याला. शिवावा म्हणून बोलतात माणसं.” नळ चालू होता, त्यामुळे हे मला ऐकू जाणार नाही असं तिला वाटलं असेल. तिच्यासारख्या बाईचा असा अंदाज चुकेल यावर माझा विश्वास नाही, पण मी ऐकलं नाहीसं दाखवलं. घरी परतताना बायको रिक्षात रडली. मग डोळे कोरडे करून म्हणाली, की पिंडासमोर दिलेला शब्द मागे राहिलेल्यांना पाळावाच लागतो, आणि हा शब्द तर आत्याने आपल्या देखत दिलाय.

आता आम्ही दर शनिवारी दुपारी बोरिवलीला असतो. साधे पत्ते घेऊन तिघं पाच-तीन-दोन खेळतो. आत्या आम्हा दोघांचे हात ओढून घेते, मला चिडवते, चहा करते, आणि निघताना ‘पुढच्या वेळी लवकर या रे’ म्हणते. खेळताखेळता मध्येच थांबून ती कान देते, तेव्हा आम्हीही पानं हातात धरून थांबतो. आत्या, तू बरी आहेस ना, असं विचारायचं माझ्या कितीदा तरी ओठांवर आलं आहे. विचारलं तर ती मला खरं सांगेल, म्हणून मी गप्प राहतो आणि पत्ते पिसायला घेतो.